मान वर करून पाणी पिणारा होला

संदर्भ चित्र क्र. ४. कक्षाच्या पूर्वेकडील भिंतीवर, काचेत. दोन होले बावखलाच्या काठी पाणी पीत आहेत. माना वर, चोची आकाशाकडे. डोक्यांवर काहीतरी लाल. मागे किल्ल्याचा बुरूज. काळ पोर्तुगीज. चित्रकार अज्ञात. डाव्या कोपऱ्यात वाळवी, ती अलीकडची.

फ्लॉसी डिमेलो यांच्या वाडीत पाणी आहे, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. दुमत एवढ्यापुरतेच होते की ते पाणी बावखलात आहे की खड्ड्यात.

हा प्रश्न पूर्वी कोणाला पडला नव्हता. वसईच्या वाड्यांत बावखले असतातच. न बांधलेले, उतरत्या काठांचे तळे; पावसात भरते आणि मग वर्षभर आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते. फ्लॉसीबाईंच्या बावखलावर अडीचशे केळी, मोगऱ्याच्या सहा रांगा, एक विहीर आणि शेजारच्या दिराची एक विहीर जगत होती. समुद्र तिथून दोन किलोमीटर. बावखल गेले तर विहिरीत समुद्र येणार, हे आळीतल्या प्रत्येकाला माहीत होते आणि म्हणूनच ते कोणी कुठे लिहून ठेवलेले नव्हते.

सुरुवात रस्त्यापासून झाली. रस्त्यात खड्डे होते. नागरिकांनी तक्रारी केल्या. तक्रारींची गंभीर दखल घेऊन 'खड्डामुक्त परिसर अभियान' जाहीर झाले, आणि ते राबवण्यासाठी 'भूपृष्ठ समतलता व पाणवठा नोंद कक्ष' उघडण्यात आला. कक्षाला उद्दिष्ट मिळाले: मार्चअखेर नऊशे चौरस मीटर खड्डे बुजवणे. नोंद अधिकारी सुमेध खैरे यांनी टेप घेऊन दोन दिवस रस्ते मोजले. सरासरी खड्डा अर्धा चौरस मीटर भरला. म्हणजे अठराशे खड्डे, अठराशे पंचनामे आणि अठराशे वेळा शिव्या. तिसऱ्या दिवशी फ्लॉसीबाईंच्या फाटकासमोरचा खड्डा मोजताना टेप हातातून सुटली, घरंगळत कुंपणाच्या आत गेली, आणि ती आणायला गेलेल्या खैरेंना बावखल दिसले. टेप हातात होतीच. नऊशे चाळीस चौरस मीटर.

खैरे वाईट माणूस नव्हते. विरारहून वेळेवर येत, डबा घरचा आणत, आणि कोणाशी आवाज चढवून बोलत नसत. एका पंचनाम्यात वर्षाचे उद्दिष्ट पूर्ण होऊन वर चाळीस मीटर शिल्लक राहतात, हे पाहून त्यांच्या डोळ्यांत जे पाणी आले ते खरे होते.

नोटीस आली तेव्हा फ्लॉसीबाई कक्षात गेल्या. खड्डा फाटकाबाहेर आहे, त्यात माझा पाय दोनदा मुरगळला आहे, असे त्यांनी सांगितले.

"त्याची नोंद आहे," खैरे म्हणाले. "पण तो लहान आहे."

मग त्यांनी नियम समजावून सांगितला. साचलेले पाणी हा प्रथमदर्शनी खड्डाच. तो पाणवठा ठरावा असे वाटत असेल, तर तिथे पक्षी पाणी पीत असल्याचे छायाचित्र द्यावे लागते, आणि ते संदर्भ चित्राशी जुळावे लागते, कारण या भागात पूर्वी पाणवठे होते याचा कक्षाकडे असलेला तो एकमेव पुरावा. माणसाचा फोटो चालत नाही. माणूस कुठलेही पाणी पितो. बेडकाचा चालत नाही. बेडूक रस्त्यातल्या खड्ड्यांतही सापडले होते आणि त्यांना मान्यता दिली तर अभियानच गुंडाळावे लागले असते.

"होला लागेल," खैरे म्हणाले. "चित्रात होला आहे."

फ्लॉसीबाईंना हायसे वाटले. होले त्यांच्याकडे होते. मोजून एकतीस.

छायाचित्र क्र. १. ठिपकेवाला होला, बावखलाच्या काठी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. चोच नाकपुडीपर्यंत पाण्यात. मानेवर काळा पट्टा, त्यात पांढरे ठिपके. पाण्यावर एकच वलय.

फोटो क्षितिजाने काढला. ही मुलगी वसई रोडला चौथ्या मजल्यावर राहायची, आठवडाभर अंधेरीत कसलेतरी तक्ते भरायची आणि रविवारी हाताएवढे लांब भिंग लावलेला कॅमेरा घेऊन फ्लॉसीबाईंच्या वाडीत यायची. पक्ष्यांच्या फोटोंत तिचे नाव होऊ लागले होते. प्रत्येक फोटोखाली ती लिहायची: 'या छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही.' फ्लॉसी मावशींच्या बावखलासाठी ती तीन रविवार केळीच्या आड बसली. डास चावले, पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या रविवारी होला आला, इकडेतिकडे पाहिले, चोच पाण्यात बुडवली आणि ती बाहेर न काढता, उसाच्या रसाला नळी लावल्यासारखे सलग प्यायला.

खैरेंनी फोटो संदर्भ चित्राशेजारी धरला आणि बराच वेळ इकडून तिकडे पाहिले.

"याची मान खाली आहे."

"पाणी खाली आहे," क्षितिजा म्हणाली.

"चित्रात वर आहे."

"पाणी?"

"मान."

क्षितिजाने समजावले. बहुतेक पक्षी चोचीत पाणी घेतात आणि मान वर करून घशात सोडतात. होले, पारवे, कबुतरे या मंडळींचे तसे नाही. ती चोच बुडवून ओढून घेतात. ज्याने हे चित्र काढले त्याने होला पाणी पिताना पाहिलेला नसावा. ती बोलत असतानाच खैरेंच्या खिडकीबाहेर, वातानुकूलन यंत्राच्या ठिबकणाऱ्या पाण्यात, चार पारवे चोची बुडवून उभे होते. तिने बोट दाखवले. खैरेंनी काचेवर टकटक केली. पारवे उडाले.

"ते पारवे आहेत," खैरे म्हणाले. "आपला विषय होला आहे."

शेरा असा आला: *पक्षी पाण्यात डोकावून पाहत आहे. पीत असल्याचे सिद्ध होत नाही. पक्ष्याचे काही पाण्यात पडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. फेरसादर करावे.*

पुढच्या आठवड्यात क्षितिजाने हलते चित्रण नेले. त्यात होल्याचा घसा वरखाली होताना स्पष्ट दिसत होता. ते पाहिले गेले नाही. संदर्भ चित्र हलत नाही; तेव्हा हलणाऱ्या पुराव्याशी त्याची तुलना करणे हा चित्रावर अन्याय ठरेल, असे तिला सौम्यपणे सांगण्यात आले. मात्र अर्जदार निराधार बाई असल्याने खैरेंनी स्वतःच्या अधिकारात एक सवलत दिली. प्रकरण चित्रतज्ज्ञांकडे पाठवले.

प्रत्यक्ष पाहणी. *उपस्थित: चित्रतज्ज्ञ, अर्जदार, पक्षी.*

चित्रतज्ज्ञ म्हणजे फ्लॉसीबाईंचे दीर रुडॉल्फ. छत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. संदर्भ चित्र त्यांनीच एका विकल्या जाणाऱ्या घराच्या माळ्यावरून, भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढता चढता वाचवले होते. त्याला काच त्यांनी लावली होती. त्यावर अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका त्यांनी लिहिली होती आणि तिचे मुख्य प्रकरण त्या वर केलेल्या मानेवर होते: वसईचा माणूस संकटातही आकाशाकडे पाहतो, असा त्याचा आशय. डोक्यावरच्या लाल खुणेचा अर्थही त्यांनीच लावला होता. पेंटेकॉस्टच्या दिवशी येशूच्या शिष्यांच्या डोक्यांवर उतरलेली ती अग्नीची ज्वाला. चर्चच्या मिरवणुकीतल्या झेंड्यावरही त्यांनी होला तसाच काढला होता, मान वर, डोक्यावर ज्वाला.

रुडॉल्फ सर बावखलाकाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. उन्हात वाळवलेली दोन सुकेळी खाल्ली. साडेसातला पाच होले उतरले आणि पाचही जण चोची बुडवून पाणी प्यायले. सर त्यांच्याकडे पाहत होते. फ्लॉसीबाई सरांकडे पाहत होत्या.

"बघितलंत ना भावजी?"

"बघितलं."

"मग लिहा."

"काय लिहू वहिनी? चित्र तीनशे वर्षं तसंच आहे. होला तीन वर्षांत मरतो. दोघांचं पटलं नाही तर मी कोणाचं ऐकायचं?"

फ्लॉसीबाई म्हणाल्या की बावखल गेले तर तुमचीही विहीर खारी होईल, एकच झरा आहे. सरांना ते माहीत होते. ती विहीर त्यांच्या वडिलांनी खणली होती.

"पुस्तिका तिसऱ्या आवृत्तीला गेलीय," ते म्हणाले आणि उठले.

अहवालात त्यांनी लिहिले: *पाहणीत पाच पक्षी आढळले. पाचही चित्राशी विसंगत वागत होते. चित्रात दुरुस्ती करणे शक्य नाही. पक्ष्यांत दुरुस्तीला वाव आहे.*

कक्षाने या शिफारशीवर तातडीने कार्यवाही केली. बावखलाच्या काठी दहा फूट बाय सहा फुटांचा फलक उभा राहिला. वर संदर्भ चित्राची रंगीत प्रत, खाली मजकूर: 'होल्यांनी पाणी पिताना मान वर करावी. आदेशावरून.'

पाचूबंदरहून मासळीची पाटी घेऊन येणारी लिडिया फलकापुढे थांबली. कोणीतरी तिला मजकूर वाचून दाखवला. तिने पाटी खाली ठेवली.

"पाखरांना पानी प्यायला तुमी शिकवनार?" ती म्हणाली. "मग आमच्या बोंबलांना पोहायला पन शिकवा."

होल्यांना फलक आवडला. ते त्यावर ओळीने बसू लागले. तिथून बावखल छान दिसे आणि मांजर पोहोचत नसे. खैरेंनी महिन्याभरात दोनदा येऊन पाहिले आणि नोंद केली: *फलकास पक्ष्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. वर्तनात बदल अपेक्षित.* पण मार्च संपत आला होता आणि वर्तन बदलले नव्हते. सव्वीस तारखेला राबिटाने, म्हणजे पाडकामाच्या विटा-दगडांनी, भरलेला डंपर फ्लॉसीबाईंच्या फाटकाशी आला. आत वळताना त्याचे पुढचे चाक फाटकासमोरच्या खड्ड्यात गेले आणि तिथेच बसले. क्रेन मागवावी लागली. क्रेन दोन दिवसांनी येणार होती.

फ्लॉसीबाईंकडे दोन दिवस होते, आणि ते त्यांना ज्या खड्ड्याने दिले त्याची नोंद होती, पण तो लहान होता.

छायाचित्र क्र. २. होला (संदर्भ चित्राप्रमाणे). मान वर. चोच आकाशाकडे. चोचीतून थेंब ओघळत आहे. डोक्यावर लाल.

त्या संध्याकाळी क्षितिजा कॅमेरा न घेताच आली होती, नुसती जवळ बसायला. फ्लॉसीबाई कोंबड्यांना कण्या टाकत होत्या. त्यांची ज्युली ही तपकिरी कोंबडी कण्या टिपून झाल्यावर बावखलाशी गेली, चोचीत पाणी घेतले आणि मान वर केली. पुन्हा घेतले. पुन्हा मान वर.

फ्लॉसीबाईंच्या हातातले सूप थांबले. त्या घरात गेल्या, दिराने भेट दिलेली पुस्तिका घेऊन आल्या, मुखपृष्ठ ज्युलीशेजारी धरले आणि खैरे पाहत तसेच इकडून तिकडे पाहिले. पण त्यांना इतका वेळ लागला नाही.

"क्षितिजा, हा माणूस कोंबडी बघून काढत होता गो."

क्षितिजाने पाहिले. गुबगुबीत पोट. उभी शेपटी. डोक्यावरची ज्वाला, तिला पाच टोके. जहाजावरून आलेला कोणी चित्रकार. जहाजावर कोंबड्या असतच. त्याला कोणीतरी होला काढायला सांगितले असेल, तो पहाटे उठला नसेल, आणि समोर जे पाणी पीत होते ते त्याने काढले असेल. तीनशे वर्षांत या चित्राला काच मिळाली, पुस्तिका मिळाली, झेंडा मिळाला, कक्ष मिळाला. त्याला कोंबड्या पाळणारी बाई मिळाली नव्हती.

"होल्याच्या मानेला पट्टा असतो ना," म्हणत फ्लॉसीबाईंनी कपाटातून एक जुना ब्लाउजपीस काढला. काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याची बोटभर चिंधी फाडून त्यांनी ज्युलीच्या गळ्यात बांधली. ज्युलीने हरकत घेतली नाही.

क्षितिजा मात्र उभी राहिली.

"मावशी, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात? माझ्या कोंबडीला मी चिंधी बांधली. तू समोर दिसेल ते काढ."

"मी फोटोत काही पुसत नाही. तुरा दिसेल."

"दिसू दे," फ्लॉसीबाई म्हणाल्या. "बघणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढला गेला. कॅमेऱ्याने जे पाहिले त्यातले काहीही पुसले गेले नाही. खाली नेहमीची ओळ होती: 'या छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही.' ती अक्षरशः खरी होती, आणि क्षितिजाने ती लिहायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

मंजुरीला चार मिनिटे लागली. खैरे खुर्चीतून उठून उभे राहिले. "हुबेहूब," ते म्हणाले. उद्दिष्ट बुडाले होते, तरी इतकी बिनचूक जुळणी त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. रुडॉल्फ सरांना बोलावण्यात आले. त्यांनी भिंगातून तुरा पाहिला, मग चष्मा काढून डोळे पुसले. "ज्वाला," ते हळूच म्हणाले. ज्युलीची अंडी ते दोन वर्षे सकाळच्या न्याहारीला खात होते.

बावखलाला पाणवठा म्हणून दाखला मिळाला. क्रेन आली आणि डंपर मागच्या मागे ओढून घेऊन गेली. फ्लॉसीबाईंनी मोगऱ्याचा पहिला गजरा चर्चमध्ये वाहिला आणि दुसरा क्षितिजाला दिला. प्रश्न सुटला होता. आणि कक्षाच्या नियमाप्रमाणे सुटलेल्या प्रश्नाची दर वर्षी तपासणी होते.

वार्षिक तपासणी. *मंजूर छायाचित्राच्या आधारे.*

पुढच्या फेब्रुवारीत खैरे छायाचित्र क्र. २ हातात घेऊन बावखलाकाठी उभे राहिले. समोर बत्तीस पक्षी पाणी पीत होते. त्यांतला एक छायाचित्रातल्यासारखा होता: भरलेल्या अंगाचा, मान वर करणारा, डोक्यावर लाल. उरलेले एकतीस आकाराने निम्मे, डोकी बोडकी, आणि पाणी पिताना एकालाही मान उचलता येत नव्हती.

*निष्कर्ष: पाणवठ्यावरील बत्तीसपैकी एकतीस होले मान उचलण्यास असमर्थ. वाढ खुंटलेली. रोगाची लागण स्पष्ट. एक होला निरोगी, त्यास तातडीने सुरक्षित ठिकाणी हलवावे. बाधित पाणवठा चुना टाकून कायमचा बुजवावा.*

या वर्षीही उद्दिष्ट नऊशे चौरस मीटरच होते. बावखलाचे माप खैरेंना पाठ होते. पण त्यांनी त्यासाठी रोग शोधला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी फक्त मंजूर फोटोकडे पाहिले आणि मग पक्ष्यांकडे.

नोटीस मिळताच फ्लॉसीबाई ज्युलीला काखेत घेऊन कक्षात गेल्या.

"साहेब, ही कोंबडी आहे."

खैरेंनी फाइल उघडली. "हा होला आहे. नोंदणी क्रमांक एक."

"ही माझी ज्युली आहे. अंड्यातून बाहेर आली तेव्हापासून मी हिला ओळखते. तुमच्या चित्रात पण कोंबडीच आहे. माझे ते एकतीस होले चांगले आहेत, होले असेच पितात. मी चिंधी बांधली, माझी चूक झाली. माझ्याकडून काय ते लिहून घ्या, पण पाणी बुजवू नका."

खैरेंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी मागवले. त्यांना मनापासून वाईट वाटत होते.

"बाई, कक्षाने मान्य केलेल्या होल्याला कोंबडी म्हणू नका. आज याला म्हणाल, उद्या कोणी मला काहीही म्हणेल. कागद कुठे राहील?"

याच वेळी ज्युलीने फाइलवर अंडे घातले.

फ्लॉसीबाईंनी आशेने खैरेंकडे पाहिले. खैरेंनी अंडे उचलले, मोजले आणि लिहिले: *होल्याचे अंडे. आकार विक्रमी. मान उचलणारा होला किती निरोगी असतो याचा हा पुरावा; मान न उचलणाऱ्या एकाही पक्ष्याने कक्षात असे अंडे घातलेले नाही.*

जाहीर सूचना. *हरकती व सूचना तीस दिवसांत मागवण्यात येत आहेत.*

नियम म्हणून बावखल बुजवण्यापूर्वी हरकती मागवल्या गेल्या. सूचना वर्तमानपत्रात आली, सातव्या पानावर, शब्दकोड्याच्या बाजूला. निरोगी होला कसा असतो हे जनतेला कळावे म्हणून सोबत छायाचित्र क्र. २ छापले होते. फ्लॉसीबाईंची हरकत पहिल्याच दिवशी फेटाळली गेली. बावखल त्यांचेच असल्याने त्यांचा हितसंबंध गुंतलेला होता. रुडॉल्फ सर स्वतःच्या अहवालावर हरकत घेऊ शकत नव्हते आणि त्यांना घ्यायचीही नव्हती. राहिली क्षितिजा. फोटो जिने काढला तिने तो कोंबडीचा आहे असे लिहून दिले, तर ते ऐकणे कक्षाला भाग होते. खैरेंनीच फ्लॉसीबाईंना ही वाट सांगितली. ते वाईट माणूस नव्हते.

क्षितिजाने हरकत लिहिली. 'छायाचित्र क्र. २ मधील पक्षी कोंबडी आहे. मला हे काढताना माहीत होते.' दोन वाक्ये. घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली. रविवारी देऊ म्हटले तर रविवारी कक्ष बंद. सोमवारी देऊ म्हटले तर अंधेरीत तक्ते. त्यातच एका मंडळाने वर्तमानपत्रातला फोटो पाहून तो त्यांच्या 'आपले पंख' स्पर्धेत परस्पर घेतला आणि त्याला पहिला क्रमांक दिला. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या मुखपृष्ठावर तोच येणार होता. सत्कार तिसाव्या दिवशी, दुपारी चारला. कक्ष पाचला बंद होतो. सभागृह आणि कक्ष यांत पायी सात मिनिटांचे अंतर.

व्यासपीठावर तिला विचारले गेले, या फोटोसाठी किती वाट पाहिलीत.

"तीन रविवार," क्षितिजा म्हणाली. खरेच होते ते, पण पहिल्या फोटोबद्दल.

टाळ्या झाल्या. मग शाल, मग श्रीफळ, मग एका मुलीला तिच्याबरोबर फोटो हवा होता, मग तिच्या आईला. घड्याळ पाहिले तेव्हा साडेपाच झाले होते. पिशवीतली घडी तिच्या बरगडीला लागत होती.

सद्यःस्थिती.

बावखलाच्या जागी आता होला उद्यान आहे. चुना, राबिट, त्यावर माती, त्यावर रंगीत फरशा. मध्यभागी अकरा फुटी फायबरचा होला: मान वर, डोक्यावर ज्वाला, चोचीतून कारंजे. कारंज्याला आठवड्यातून दोनदा टँकरने पाणी येते. उद्घाटनाला शांततेची म्हणून चोवीस पांढरी कबुतरे सोडली होती. ती सकाळपासून पिंजऱ्यात होती, तहानलेली होती. आकाशात न जाता ती थेट कारंज्याच्या हौदावर उतरली आणि चोविसांनी एकदम चोची बुडवल्या. निवेदकाने प्रेक्षकांना जोरात टाळ्या वाजवून ती उडवण्याची विनंती केली. प्रेक्षकांनी वाजवल्या.

फ्लॉसीबाईंची विहीर दिवाळीपर्यंत मचूळ झाली आणि रुडॉल्फ सरांची नाताळपर्यंत खारी. मोगरा गेला. केळी उभी आहेत, पण घड धरत नाहीत. पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत सरांनी एक परिच्छेद वाढवला आहे. त्यानुसार खारे पाणी हे वसईच्या इतिहासाशी अधिक सुसंगत आहे.

क्षितिजा एकदा गेली होती. फ्लॉसीबाईंनी तिला खुर्ची दिली. चहासाठी पाणी काढले, चाखून पाहिले, ओतून दिले आणि विकतच्या बाटलीतले घेतले. "फोटो चांगला आला होता गो," एवढेच म्हणाल्या. ज्युली आता कक्षाच्या आवारात, जाळीत असते. फलकावर तिचा नोंदणी क्रमांक आहे. तिला हात लावण्यास मनाई आहे.

एकतीस होले फाटकाबाहेर राहायला गेले. तिथे रस्त्यात तो खड्डा आहे, टँकर त्यावरून गचका खाऊन जातो आणि दर वेळी थोडे पाणी सांडते. सकाळी सातला ते तिथे उतरतात आणि चोची बुडवून पितात. खड्डा बुजवलेला नाही. त्याची नोंद आहे, पण तो लहान आहे.

आता हरकतींविषयी. तीस दिवसांत ग्राह्य हरकती आल्या शून्य. मात्र सूचनेसोबतचा फोटो लोकांना फार आवडला. कोणीतरी त्याच्या मागे सूर्य लावला, त्यावर 'सुप्रभात! मान नेहमी वर ठेवा' असे लिहिले, आणि तो अर्नाळ्यापासून वालीवपर्यंत आणि तिथून जिथे जिथे मराठी माणूस झोपेतून उठतो तिथे तिथे सकाळच्या पहिल्या तासात मोबाइलवरून फिरू लागला. खैरेंनी ही लोकभावना वाया जाऊ दिली नाही. चौदा हजार दोनशे सहा जोडलेले हात, नऊ हजार गुलाब. 'निर्णयास जनतेचा विनम्र पाठिंबा' म्हणून यादी फाइलला जोडली आहे, नाव आणि वेळेसह.

त्यात तुमचे नाव आहे. सकाळी सहा वाजून एकेचाळीस मिनिटे. तुम्ही फोटो उघडला, दोन्ही हात जोडले आणि पुढे अकरा जणांना पाठवला.

त्या फोटोत कोंबडीचा तुरा स्पष्ट दिसतो.